बावनकशी हाड

एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. अख्ख्या जुन्नर तालुक्यात ज्या बाईच्या हाडांची ख्याती झाली, देवळाच्या पारापासून डेअरीच्या रांगेपर्यंत ज्या हाडांचे दाखले दिले गेले, ती बाई म्हणजे माझी आळे गावची आत्या. आणि ती ख्याती साफ खोटी होती. खोटी आहे हे दोघांनाच ठाऊक होतं. एक मी आणि दुसरं ते मशीन. मशीन बिचारं खरं बोललं होतं.

आमच्याकडे सोयरिकीत हाड बघतात, म्हणजे कूळ बघतात. आत्या मात्र ते सगळ्यातच बघायची. बैलाचं बघायची, एसटीच्या कंडक्टरचं बघायची. मी हौसेनं आणलेला नवा कुकर तिने बोटाने दोनदा वाजवला आणि म्हणाली, "हाड हलकं हाय. परत दे." नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याला तिने भर गर्दीत सुनावलं होतं, "तुझ्या आज्याला वळखती मी. तवापासूनच हाड हलकं तुमचं!" पन्नाशी ओलांडली तरी अंगात वारं भरलेलं. कांदा साठवायच्या बराखीवर पत्रा उडू नये म्हणून दगड ठेवायचे असले की गडी शिडी शोधत बसायचा आणि ही कुडावरून वर पोचलेली असायची. फाट्यावर जीप पुरती थांबायच्या आत ही खाली. ड्रायव्हर ओरडला की म्हणायची, "थांबल्यावर कुणीबी उतरतं." गोठ्यात दोन म्हशी, पण हिचा चहा कोरा. "दूध डेअरीचं, चहा आपला," हा तिचा कायदा, आणि तो घरातल्या बायकांपुरताच होता.

मी तेव्हा औषध कंपनीचा माणूस. गळ्यात टाय, मोटरसायकलला बॅग, आणि नारायणगावपासून घोडेगावपर्यंत दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवायच्या. कंपनीने हाडांच्या गोळ्या खपाव्यात म्हणून एक मशीन दिलं होतं. बाईने त्यात टाच ठेवायची, की बाण हिरव्या, पिवळ्या किंवा लाल पट्ट्यात जाऊन थांबायचा. आळ्यात शिबिर ठरलं आणि देवळाच्या भोंग्यावरून पुकारा झाला, "उद्या सकाळी पंचेचाळिशीपुढच्या समद्या बायांची हाडं तपासली जातील हो!" गावात एकच खळबळ. एक म्हातारबा माझ्याकडे येऊन हळूच विचारते झाले, "पावणं, तक्रार कुनाकडनं आली?"

दुर्दैव असं, की त्याच सकाळी आत्याच्या लेकीची सुपारी फोडायला डिंभ्याची मंडळी आली होती. शिबिर बघायला होणाऱ्या विहीणबाईही देवळात आल्या. त्यांच्यापुढे आत्या मागे राहते कशाला? रांग मोडून पुढे आली, मशीनमध्ये टाच अशी ठेवली जणू पाटावर गौर बसवतेय, आणि म्हणाली, "बघ रं, काय म्हंतंय तुझं यंत्र." बाण हिरव्यावरून निघाला, पिवळ्यातून सरसर गेला आणि लाल पट्ट्याच्या पार टोकाला जाऊन बसला. अशा वेळी बोलायचं वाक्य कंपनीने आमच्याकडून घोकून घेतलेलं: 'ताई, तुमचं हाड हलकं झालंय, पण घाबरू नका.' हे लिहिणाऱ्याला हाड म्हणजे निव्वळ हाड वाटत असणार. मी तोंड उघडलं तर समोर विहीणबाई. "काय निघालं म्हनायचं?" त्यांनी विचारलं. मी मशीन माझ्याकडे वळवलं आणि माझ्या तोंडून निघालं, "बावनकशी!"

विहीणबाईंनी पदर सावरला. "झालं तर मग. फोडा सुपारी."

संध्याकाळी आत्याला एकटीला गाठून खरं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं. पण तीच माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडत म्हणाली, "माझं हाड म्हंजी तुझ्या बापाचं हाड. खोट निघाली असती तर उद्या तुझ्या पोरींना कुनी केलं असतं का रं?" लग्न होऊ दे, मग सांगू, असं मनाशी म्हणालो. लग्न होतं वैशाखात.

मार्गशीर्ष ते वैशाख हे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आता आत्याला सरकारी मोहोर बसल्यासारखं झालं होतं. पूर्वी बराखीवर नुसती चढायची, आता तिथून उडी मारून उतरायला लागली. कुणी 'सांभाळून' म्हटलं की, "मशीननं सांगितलंय!" मी 'ताकदीच्या' म्हणून गोळ्यांचे डबे नेऊन दिले. महिन्याने विचारलं तर म्हणाली, "लई गुनाच्या निघाल्या. म्हशीला देती रोज. फॅट वाढली, डेअरीवाला इचारतोय काय घालती म्हनून." म्हशीचं हाड पोलाद झालं असेल, आत्या मात्र कोऱ्या चहावर. शेवटी मी दर रविवारी तिच्याकडे जाऊन मोरीतलं शेवाळ घासायला लागलो, अंगणात दिवा लावून दिला, तिच्या गुळगुळीत झालेल्या चपला चोरून नव्या ठेवल्या. ती कमरेवर हात ठेवून बघत राहायची. "आरं, कंपनीनं काढलं का तुला? नोकरी गेली असंल तर सांग बाबा, पर मोरी घासायला येऊ नगं."

आणि मग हळद आली. अंगणात हळदीच्या पाण्याचा राडा, वर वाजंत्री, आणि त्या राड्याच्या मधोमध आत्याने विहीणबाईंचे हात धरून फुगडी घातली. गरगर गरगर. बायका ओरडतायत, विहीणबाई "पुरं पुरं" म्हणतायत, आत्या मागे रेललेली, आणि मला प्रत्येक फेऱ्यात तिचं मोडलेलं खुब्याचं हाड, दवाखान्यातली खाट आणि वर्षभर खाटेवर पडलेली आत्या दिसत होती. मला राहवलं नाही. "आत्या, थांब!" असं ओरडत मी धावलो. त्या निसरड्यात माझा पाय सुटला, आणि मी हातावर असा आपटलो की कडकन आवाज वाजंत्रीच्या वर ऐकू आला.

फुगडी थांबली. दोघी विहिणी धडधाकट उभ्या होत्या. मनगट मोडलं होतं ते माझं. आत्या वाकली, माझा वाकडा झालेला हात नीट निरखला आणि विहीणबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्ये आमच्या भावाचं हाड न्हवं बरं का. ह्ये आईकडनं आलंय."

इतकी कळ येत असूनही मी हसत होतो. तसा सुटल्याचा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

लेक डिंभ्याला गेली आणि चार दिवसांनी आत्या माझं प्लास्टर बघायला दवाखान्यात आली. मी तिथेच हट्टाने तिची टाच पुन्हा तपासून घेतली. बाण होता तिथेच, लाल पट्ट्यात. डॉक्टर म्हणाले, "हा नुसता इशारा आहे. पुण्याच्या मोठ्या मशीनवर खात्री करू." खात्री झाली. पाळी गेल्यावर बायकांची हाडं कशी हळूहळू, वर्षानुवर्षं झिजत जातात ते त्यांनी समजावलं. आत्या पहिल्यांदाच गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी व्याल्यावर म्हैस बसती, मग तिला कॅल्शियमची बाटली लावत्यात, तसं?" डॉक्टर म्हणाले, जवळजवळ तसंच. ती माझ्याकडे वळली. "आन मी येड्यावानी गोळ्या म्हशीला चारल्या! हाडाच्या हायेत म्हनायला तोंड शिवलं व्हतं का तुझं?"

शिवलेलंच होतं. पण तिथून गाडी रुळावर आली. चहात दूध आलं. आठवड्यातून एक गोळी अशी होती की ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. आत्याला एका जागी बसलेली मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा पाहिली. त्या अर्ध्या तासात तिच्यापुढून जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती हाक मारायची: "ए भवाने, पंचेचाळीस झाली न्हवं? टाच दावली का? का खुबा मोडल्यावर दावनार?" माझ्या सगळ्या टायांनी मिळून जेवढ्या बायका शिबिराला आणल्या नाहीत तेवढ्या तिने त्या ओट्यावरून हाकलत आणल्या. जीपवाल्याला आता पुरतं थांबावं लागतं. "थांब मुडद्या, हाड झिजलंय माझं!" सत्तरी उलटली, अजून तिचं एक हाड मोडलेलं नाही. दर वर्षी दिवाळीत ती दारात उभी दिसली की माझा जीव पुन्हा एकदा भांड्यात पडतो.

इथे मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण डॉक्टरांनी एवढं समजावलं तरी आत्याने आपलं निदान आपणच करून ठेवलंय, आणि ते ती अभिमानाने सगळ्या गावाला सांगते: "सुपारीला बावनकशी व्हतं माझं हाड. लेक सासरी गेली आन चार दिसांत झिजलं. आईचं हाड हाय बाबा त्ये."

बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझी आतेबहीण हे ऐकत आली आहे. डिंभ्याहून एसटी मिळेल तेव्हा येते, न मिळाली तर दुधाच्या टेम्पोत बसून येते. पिशवीत धरणातली बारीक मासळी असते, आणि आईसमोर बसून "काटे चावून खा गं" म्हणते. गेल्या खेपेला हात धुताना तिने मला हळूच विचारलं, "दादा, मला जवळपास दिली असती तर आईचं हाड टिकलं असतं का रं?" मी "काहीतरीच काय" म्हणालो आणि रुमाल शोधत बसलो.

तिच्या सासरी जाण्याने आत्याचं हाड कणभरही झिजलेलं नाही. सुपारी फुटायच्या आधीच ते झिजलेलं होतं, मी ते पाहिलं होतं आणि लपवलं होतं. एवढं तिला समोर बसून सांगणं, हे मी तिचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.