स्तामेनाचं विरजण

बुकोवा गावात स्तामेनाच्या दोन गोष्टींना नावं ठेवायची कोणाची छाती नव्हती. एक तिचं दही आणि दुसरं तिचं पोट. दही असं लागायचं की सुरीने कापून वाढावं. पोटाचं तर विचारूच नका. हिवाळाभर खारवलेल्या कोबीच्या पाण्याचा पेला रिकाम्या पोटी, दुपारी घेवड्याची आमटी, वर कच्ची कांद्याची पात, आणि पन्नाशी उलटली तरी या बाईने कधी पोट धरलं नाही. औषधाची गोळी म्हणजे शहरातल्या लोकांनी स्वतःला लावून घेतलेलं खूळ, असं तिचं ठाम मत होतं. तशी तिची सगळीच मतं ठाम होती.

विरजणाच्या बाबतीत तर ती कोणाच्या बापाचं ऐकत नसे. सासूकडून आलेलं विरजण दिवस मावळल्यावर घराबाहेर जाता कामा नये, त्याच्यामागे घरची बरकत जाते. याच एका नियमावरून तिचं आणि तिच्या धाकट्या जावेचं, गिंकाचं, फाटलं होतं. नवी नवरी गिंका एका संध्याकाळी वाटी घेऊन दारात उभी राहिली आणि स्तामेनाने तिला वाटीसकट परत पाठवलं. "सकाळी ये," एवढंच म्हणाली. गिंका सकाळी आली नाही. नवऱ्याला घेऊन प्लोव्दिव शहरात गेली, दुकानातलं डब्यातलं दही खाऊ लागली आणि येईल त्या पाहुण्याला ऐकवू लागली, "आमच्या जाऊबाईंचा हात मोठा. चमचाभर विरजण निघालं नाही हातून."

पण गिंकाची मुलगी नेदा दर उन्हाळ्यात काकूकडे यायची. स्तामेनाला स्वतःचं मूल नव्हतं, नवराही गेलेला. जावेवरचा राग तिने पोरीपर्यंत कधी पोचू दिला नाही. तेवीस वर्षांची ती पोर वर्षभर आजारी होती. मोठ्या आतड्याला सूज, आत जखमा, रक्त पडायचं, दिवसातून दहा-बारा वेळा पळायचं. औषधांनी जरा बरं वाटायचं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता डॉक्टर आतडं कापून काढण्याची भाषा करू लागले होते. हे ऐकल्यापासून स्तामेनाच्या घशाखाली घेवडा उतरत नव्हता, आणि असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात एका दुपारी नेदाचे डॉक्टर तोपालोव यांचा फोन आला. बिचारे डॉक्टर भिडस्त. अनोळखी बाईला फोनवर सरळ शब्दात कसं सांगणार, म्हणून त्यांनी गावच्या माणसाला कळेल असं सांगितलं. "बाई, नेदाच्या पोटातलं विरजण बिघडलंय. निरोगी माणसाचं विरजण मिळालं तर एक प्रयोग करून बघू. नेदाने तुमचं नाव सुचवलं."

स्तामेनाने डोळे पुसले. इतक्या वर्षांनी का होईना, डॉक्टरांना अक्कल आली. दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं ऊन पडल्यावर, तिने दह्याचं मडकं लोकरीच्या कांबळ्यात गुंडाळलं आणि बस पकडली. वळणावळणाचा घाट, शेजारचा म्हातारा ओकत होता, पण मडकं तिने मांडीवरून हलू दिलं नाही.

डॉक्टरांच्या टेबलावर मडकं ठेवून ती म्हणाली, "घ्या. कोणाला देत नाही मी."

डॉक्टरांनी मडक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग स्वतःच्या पायांकडे. "दही छान आहे हो. पण आम्हाला हवंय ते... तुमच्या आतड्यातलं. म्हणजे रोज सकाळी तुमचं जे होतं ना, ते."

खोलीत गिंकाही होती. तिने तोंडाला पदर नव्हता म्हणून रुमाल लावला.

"ते?" स्तामेना म्हणाली. "ते मी परसात पुरते."

मग डॉक्टरांनी नीट समजावलं. आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते. नेदाच्या वस्तीतले कामाचे रहिवासी कमी झालेत, आणि तिचं शरीर स्वतःच्याच आतड्याशी भांडत बसलंय. निरोगी माणसाच्या मळातले जिवाणू गाळून घेऊन तिच्या आतड्यात सोडायचे. गुण येतो काहींना, काहींना येत नाही.

"पण आधी बिघडलं कोण? जिवाणू की आतडं?"

"ते अजून कोणालाच नक्की माहीत नाही."

"म्हणजे आमच्या दोघींसारखंच," स्तामेना म्हणाली. तिने गिंकाकडे पाहिलं.

"मी तिची सख्खी नाही. रक्ताची नाही," स्तामेनाने हळूच विचारलं. "तरी चालेल?"

"रक्ताचं नातं नाही लागत याला," डॉक्टर म्हणाले. "पोट चांगलं लागतं."

तपासण्या झाल्या. रक्ताच्या, आणि त्याच्याही. महिनाभराने निरोप आला की सगळं उत्तम, असं पोट क्वचित सापडतं. स्तामेनाने गावभर सांगितलं की प्लोव्दिवचे डॉक्टर तिच्या मालावर खूश आहेत. कसला माल ते सांगितलं नाही. लोक दहीच समजले.

ठरलेल्या दिवशी नेदा हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर उपाशी पडून होती. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध देऊन तिचं पोट धुऊन काढलेलं. अंगात त्राण नाही. आज झालं नाही तर सगळं पुन्हा करावं लागणार होतं, आणि ते तिला झेपणार नव्हतं.

आणि आयत्या वेळी स्तामेनाच्या पोटाने मान टाकली. जन्मात जे कधी झालं नाही ते झालं. परक्या संडासात, पांढऱ्या फरशीवर, दाराबाहेर जाऊ बसलेली, होणार तरी कसं?

"जाऊबाई, पोट मोकळं व्हायला आलुबुखारे उकडून आणलेत," दाराबाहेरून गिंका म्हणाली.

"ठेव तिथेच."

"कॉफी आणू?"

"तू जरा लांब जाऊन बस."

गिंका लांब जाऊन बसली. दुपार झाली. डॉक्टर दोनदा डोकावून गेले. स्तामेनाने कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या, आलुबुखारे संपवले, मेलेल्या सासूला साकडं घातलं. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं आणि भिंतीवरून नाहीसं झालं. मग कुठे तिच्या पोटात ओळखीची हालचाल झाली.

ती झाकण घट्ट लावलेला डबा घेऊन बाहेर आली तेव्हा बाहेर रस्त्यावर दिवे लागले होते. गिंका उठून उभी राहिली. तिने खिडकीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. एकदा वाटी पुढे करून झाली होती. दुसऱ्यांदा तिचा हात पुढे होईना.

स्तामेनानेही खिडकीकडे पाहिलं. चांगला अंधार पडला होता. सासू जिवंत असती तर दारात आडवी झाली असती. तिने डबा क्षणभर छातीशी धरला. मग जावेचे दोन्ही हात ओढून त्यात ठेवला.

"धर. बरकत गेली तर पोरीच्याच पोटात जाणार ना? पळ आता, गार होईल."

गिंका रडत पळाली. पन्नाशीची बाई, डबा उराशी घेऊन, जिने चढत.

पुढे असं बऱ्याच वेळा करावं लागलं. स्तामेना गिंकाच्याच घरी राहिली, आणि गिंका रोज तिच्यासाठी घेवडा शिजवायची. रक्त आधी कमी झालं, मग थांबलं. डॉक्टर अजून सावधपणेच बोलतात, औषधं चालू आहेत, पण कापायची भाषा थांबली. एका संध्याकाळी नेदाने आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि दोघी जावा तिच्या ताटलीकडे बघत बसल्या.

नेदा झोपल्यावर गिंका भांडी विसळता विसळता म्हणाली, "जाऊबाई, आता एवढं दिलंत, तर ते दह्याचं विरजणही द्या की चमचाभर."

स्तामेनाने खिडकीबाहेर पाहिलं.

"सकाळी माग," ती म्हणाली.

या वेळी गिंकाने सकाळी मागितलं.