धाकटीचं नाक, थोरलीची जीभ

केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी त्या घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. सासरी आली तेव्हा ती दोन सुनांमधली धाकटी होती, एवढाच काय तो तिचा गुन्हा. नाव एकदा चिकटलं की चिकटलं. तळमजल्यावर नवऱ्याचा छापखाना, छापखान्याच्या डोक्यावर धाकटीचं घर, आणि धाकटीच्याही डोक्यावर, गच्चीला लागून असलेल्या खोलीत, थोरली. या मांडणीतच निम्मी गोष्ट आली असं शेजारी म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

धाकटीच्या हाताला चव होती. दुपारी मशीन थांबलं की तिचा नवरा, मशीनमन आणि संगणकावर पानं लावणारी तिची लेक असे सगळे जिना चढून वर येत आणि तिच्या ओट्यासमोर जेवायला बसत. कुणी पाहुण्याने विचारलं, "कुणाकडून शिकलात हो?" की ती ठरलेलं उत्तर देई, "सासूबाईंकडून." पाहुण्याला बरं वाटे, भिंतीवरच्या तसबिरीतल्या सासूबाईंनाही बरं वाटत असावं. पण हे उत्तर फार तर चार आणे खरं होतं.

सुरीचं वळण वडिलांचं. ते शिंपी होते. धाकटीची आई लवकर गेली, तेव्हा घरी रांधायचं त्यांच्यावरच आलं, आणि कापड असो की कांदा, वाकडा काप त्यांच्या डोळ्यांना खुपायचा. "सारखं कापलं तर सारखं शिजतं," म्हणायचे. धीर सासूबाईंचा. भांडं नीट तापेपर्यंत हाताची घडी घालून गप्प उभं राहायला त्यांनी शिकवलं, आणि हे वाटतं तितकं सोपं नाही. अंदाज मशीनमनचा. तो गडी असा जेवायचा की त्याला पुरलं म्हणजे सगळ्यांना पुरलं. पण या सगळ्यावर धार लावली ती थोरलीने, आणि हे धाकटीने उभ्या जन्मात कबूल केलं नव्हतं.

थोरली छापखान्याची प्रूफं वाचायची. लग्नाची पत्रिका असो नाहीतर शाळेचं पुस्तक, प्रत्येक पान तिच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय मशीनवर चढत नसे. चूक शोधणं हा तिचा धंदा, आणि जेवायच्या वेळीही ती दुकान बंद करत नसे. पहिला घास घेतला की क्षणभर डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "लसूण घाईत टाकलास." "कांद्याला अजून थोडा वेळ हवा होता." "मिऱ्यांनी बाकीच्यांचा गळा दाबलाय." कौतुकाचं मात्र नाव नको. धाकटी रात्री उशीत तोंड खुपसून रडायची आणि दुसऱ्या दिवशी लसूण मुकाट्याने उशिरा टाकायची.

असं कितीतरी वर्षं चाललं. मग एकदा पाहुण्यांच्या देखत थोरलीने रस्सा पाणचट झाल्याचं बोलून दाखवलं आणि धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "एवढं कळतं तर तुम्हीच करून खा ना!" थोरली ताटावरून उठली नाही. शांतपणे जेवली, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत वेगळी शेगडी मांडली. थोरले दीर होते तोवर ते बिचारे वर-खाली करून समेटाची खटपट करत. ते गेले आणि ती खटपटही गेली. दोघी जावांचं बोलणं उरलं ते पाण्याच्या टाकीपुरतं. टाकी भरली, टाकी रिकामी झाली, बस.

मग धाकटीला ताप आला. चांगला फणफणून आला, उतरलाही, पण जाताना तिच्या नाकातला वास घेऊन गेला. शाई, साबण, लसूण, सगळं सारखंच, म्हणजे काहीच नाही. जिभेला खारट-आंबट-गोड-कडू कळे, पण वांगं कुठलं आणि भोपळा कुठला हे डोळ्यांना विचारावं लागे. डॉक्टर म्हणाले, "वास परत येईलही. नाहीही येणार. वाट बघा." धाकटीला वाटलं, वाट बघायची तर पोटं का थांबणार आहेत?

ती उठून ओट्याशी उभी राहिली. "हात शाबूत आहेत ना? मग झालं." आणि रोज दुपारी सगळे तिच्या पुढ्यात बसून "झकास!" म्हणू लागले. नवरा म्हणे, "वा!" लेक म्हणे, "आई, आज तर कमाल केलीस." खरं तर इथेच तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. त्या घरात इतकं कौतुक आधी कधी झालं नव्हतं.

एके दिवशी फळीवर घालायला कागद हवे होते म्हणून ती जेवणानंतर खाली छापखान्यात गेली. वाया गेलेल्या कागदांच्या टोपलीत तिला एक ओलं पुडकं दिसलं. उघडलं तर आत तिनेच सकाळी केलेला भात आणि रस्सा. मान वर केली तर मशीनच्या आडोशाला मशीनमन उभा, हातात पावाचा मोठा तुकडा. त्याचा घास तोंडातच अडकला.

"काय झालं होतं रश्श्याला?"

"काही नाही, वहिनी. भूक नव्हती."

"तुम्हाला? भूक नव्हती?"

त्याने पाव पाठीमागे लपवला, जणू आता त्याने काही फरक पडणार होता. "जरा तळाला लागला होता," तो पुटपुटला. "जरासाच."

"आजच?"

ताटातलं शीतसुद्धा न सोडणारा माणूस तो. धाकटीला एकदम उलगडलं की हल्ली लेक "तू बस, आई" म्हणत पातेली स्वतःच का घासते. ती वर गेली, पातेलं पालथं-उताणं करून उजेडात धरलं. घासून घासून चकचकीत केलेल्या तळाला काळं कडं अजून दिसत होतं. तिला रडू आलं नाही. संताप आला.

संध्याकाळी नवऱ्याने समजूत काढायला सुरुवात केली. "अगं, तुला दुखवायचं नव्हतं कुणाला. उद्यापासून लेक करेल सगळं. खूप केलंस, आता आराम कर."

"हो, आई," लेक म्हणाली. "मला जमेल."

दोघंही भली माणसं. म्हणूनच तर घाव खोल गेला. आराम कर याचा अर्थ धाकटीला चांगला कळत होता. एकदा ओटा सुटला की सुटलाच, मग स्वतःच्याच घरात "जेवायला काय आहे गं?" असं विचारत बसायचं.

"मला पहिल्याच दिवशी कुणी खरं सांगितलं असतं तर मी आच कमी केली असती," ती म्हणाली. "तुम्ही गोड बोलून बोलून मला इथून उठवताय. आठवडाभर थांबा. नाही जमलं तर मी माझ्या हाताने उलथनं लेकीकडे देईन. पण तोवर या ओट्याला कुणी हात लावायचा नाही."

रागाच्या भरात आठवडा तर मागून घेतला, पण करायचं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी ती कांदा चिरता चिरता थांबली. कांदा आज नीट परतला की नाही हे तिला सांगणार कोण? नवरा "वा!" म्हणणार, लेक "कमाल!" म्हणणार. तिने सुरी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि जिना चढली.

थोरली टेबलाशी प्रूफं वाचत बसली होती. शेजारी एकच कप, एकच ताटली, पावाचं अर्धं पुडकं. शेगडी इतकी स्वच्छ की तिच्यावर बऱ्याच दिवसांत काही शिजलं नसावं.

"टाकी भरलीये," थोरली मान वर न करता म्हणाली.

"टाकीचं नाही. खाली जेवायला चला."

लाल पेन थांबलं.

"माझं नाक गेलंय, जाऊबाई."

"ठाऊक आहे. रोज करपल्याचा वास येतो वर."

"मग सांगितलं का नाही?"

"मला कोणी विचारलं?"

"आता विचारतेय ना! खाली सगळे मला फसवतात. मायेने फसवतात, पण फसवतातच. मला चूक काढणारं माणूस हवंय, आणि तुमच्याइतकं खडूस माणूस दुसरं माझ्या ओळखीत नाही."

दुसरी कुणी असती तर तोंडावर दार आपटलं असतं. थोरलीने पेनाला टोपण लावलं आणि ती पायाने टेबलाखाली चप्पल चाचपायला लागली. "शिजलं की हाक मार," म्हणाली.

त्या दिवशी धाकटीने जीव ओतून रांधलं. वास नाही तर नाही, कान होते. कांद्यातलं पाणी आटलं की चुरचुर बारीक होते, ती ऐकत राहिली. रंग बघत राहिली. करपायची धास्ती मात्र मनातून जाईना. मग तिने हाक मारली. थोरली आली, किती वर्षांनी त्या ओट्यासमोर बसली, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

थोरलीने डोळे उघडले. समोर उभ्या असलेल्या धाकटीकडे बघितलं. तापाने उतरलेला चेहरा, कंबरेला खोचलेला पदर, हातातलं उलथनं.

"छान झालंय," ती म्हणाली.

या एका शब्दासाठी धाकटीने सगळं तरुणपण घालवलं होतं. तो आता आला, तेव्हा तिला कुणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. तिने थोरलीच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं.

"उठा."

"अगं, काय झालं?"

"उठा म्हणते ना. छान म्हणायला घर भरलंय माझ्याकडे. त्यांच्या छानछानने माझा ओटा चाललाय. तुम्हालाही माझी कीव यायला लागली तर मी जाऊ कुणाकडे?" तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "मला सासूबाईंनी नाही शिकवलं. तुम्ही शिकवलंत. एकेक टोमणा मारून शिकवलंत. तेव्हा नाही केलीत दयामाया, मग आताच का?"

थोरलीने हात लांब करून ताट परत आपल्याकडे घेतलं, दुसरा घास घेतला आणि या खेपेला डोळे बराच वेळ मिटून ठेवले. पापण्यांच्या कडा ओल्या झालेल्या दिसत होत्या. आवाज मात्र कोरडा.

"कांदा बाहेरून लाल, आतून कच्चा. आच मोठी ठेवलीस आणि घाबरून लवकर उतरवलास. लसूण करपेल म्हणून तू त्याला धड तेलच लागू दिलं नाहीस. मिरी जुनी झालीये, फेकून दे, नुसतीच टोचते. आणि पाणी कशाला वाढवलंस? चूक लपवायला? ती काय लपते होय?"

"अजून?" धाकटीने विचारलं. ती चक्क हसत होती. एवढी बोलणी खाऊन इतकं खूश झालेलं माणूस कुणी पाहिलं नसेल.

"अजून पुष्कळ आहे. पण पोटात कावळे ओरडतायत, आधी खाऊ दे." आणि थोरली खरोखर जेवली, कच्च्या कांद्यासकट.

"उद्या याल जेवायला?"

"नाही."

धाकटीचा चेहरा पडला.

"जेवायला नाही," थोरली म्हणाली. "स्वयंपाकाला येईन. कांदा तेलात पडतो तेव्हाच मी शेजारी हवी. छापून झाल्यावर चूक सापडून काय उपयोग?"

धाकटीने कढईतला रस्सा एका भांड्यात काढला, कढई धुतली, कोरडी पुसून परत शेगडीवर ठेवली आणि टोपलीतून नवा कांदा घेतला.

"उद्या कशाला," ती म्हणाली. "खालच्यांना जेवायला यायला अजून वेळ आहे. इथे माझ्या शेजारी उभ्या राहा."