रिदम गिटारवाल्याचा उजवा हात

साठच्या दशकातल्या मधल्या वर्षांत मी माझगावात मामाकडे राहायचो, गोदीजवळच्या वर्कशॉपात फिटर होतो आणि चौघांच्या एका बँडमध्ये रिदम गिटार वाजवायचो, म्हणजे गाण्याखालचा ठेका धरायचो. लीड गिटारवाला शेजारच्या चाळीतला, बँडही त्याचाच. त्याने तार छेडली की लोक त्याच्याकडे बघायचे. माझ्याकडे कुणी बघायचं नाही. ते मला फार लागायचं.

त्यातच खाडीपलीकडच्या आमच्या गावाहून, दिवाळ्याहून, निरोप आला. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. मी पोचलो तेव्हा आई जाळं सांधत बसली होती. वर न बघता म्हणाली, "तुज्या बापसाचा हात उठत नाय. होडी कोन नेनार?"

नोकरी सुटली. आठवडाभर खाडीत जाळी ओढायची आणि रविवारी मासळीच्या होडीतून भाऊच्या धक्क्यावर उतरून तालमीला जायचं, असं सुरू झालं. खाऱ्या पाण्याने बोटं चिरली होती. तारा दाबल्या की कळ थेट कोपरापर्यंत जायची. मी कुणाला सांगितलं नाही. बँडही गेला तर आपल्यापाशी काय उरणार, हा विचार जाळं ओढतानासुद्धा डोक्यातून जात नव्हता.

हिवाळ्यात एका कॉलेजच्या स्पर्धेत आम्हाला दोन गाणी मिळाली. मी मनाशी ठरवलं, आज आपण ऐकू गेलोच पाहिजे. ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवला. गायक श्वास घ्यायला थांबला तिथे मी वाजवलं, लीडने मोकळ्या सोडलेल्या जागा मी भरल्या, ड्रमरच्याही पुढे पळालो. गायकाचे शब्द चुकले. दुसरं गाणं आम्ही अर्ध्यात सोडून खाली उतरलो.

पडद्यामागे लीडवाला म्हणाला, "पुढच्या रविवारी नको येऊस."

"बोटं चिरलीत रे माझी. एक महिना दे."

"बोटांचं नाय. डावा हात तुझा बरोबर आहे. तू थांबतच नाहीस. गाण्याला जागाच देत नाहीस."

मी त्याचा दंड धरला. सगळ्यांसमोर गयावया केली. त्याने हळूच माझी बोटं सोडवली. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

दोनेक महिन्यांनी त्यांचा कार्यक्रम होता. मी चोरासारखा मागच्या रांगेत बसलो. माझ्या जागी एक चष्मेवाला कारकून आला होता. त्याची गिटार मला ऐकूच येईना, तेव्हा आत कुठेतरी बरं वाटलं. मग मी त्याचा उजवा हात बघायला लागलो. तो हात थांबत नव्हता, तारांना न लागताही वरखाली चालूच होता. डाव्या हाताची बोटं किंचित उचलून तो आवाज जागीच मारत होता, आणि दोन आवाजांमधली ती शांतता प्रत्येक वेळी तेवढीच होती. ड्रमर त्या शांततेवर निवांत रेलला होता. एका कडव्यात ठरवून कारकून चार मात्रा गप्प राहिला, तर पायाखालची फळी निघाल्यासारखं झालं. मी तिथून उठलो. मला बाहेर काढलं ते बरोबरच होतं, हे कळल्यावर तर घरी जायचंही जड झालं.

ओहोटीला होडी चिखलात बसली की दुपारी मासळी वाळत घातलेली असायची तिथे मी गिटार घेऊन बसायचो. तारांखाली फडकं कोंबायचो आणि नुसता हात चालवायचो. शेजारची काकी एकदा थांबून म्हणाली, "तार तुटली काय रं? आवाज येत नाय." मी नाही म्हणून मान हलवली आणि हात चालूच ठेवला.

असं वर्षभर केलं. मग एका रविवारी गिटार घेऊन लीडवाल्याच्या दारात उभा राहिलो.

"बँड मोडला," तो म्हणाला. "गायक इंग्लंडला बहिणीकडे गेला. ड्रमरला शिफ्टची नोकरी लागली."

मी जिन्यातच बसलो. थोड्या वेळाने तो आतून आपली गिटार घेऊन आला आणि माझ्या खालच्या पायरीवर बसला. "आलाच आहेस तर वाजव."

अर्धा तास आम्ही दोघंच वाजवत होतो. तो मनाला येईल तिकडे गेला आणि प्रत्येक वेळी बरोबर समेवर परतला. माझ्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही, आणि या वेळी ते मला लागलं नाही. शेवटी म्हणाला, "हे तेव्हा का नाय वाजवलंस?"

मी गिटार खोळीत घातली. भरतीची होडी सुटायची वेळ झाली होती, म्हणून निघालो. होडी माझ्यावरच राहिली; त्यानंतर मी कुठल्याच बँडमध्ये वाजवलं नाही.