‘रापण थांबवा,’ म्हणाली

“काकू, तुम्ही जरा बाजूला व्हा ना. फ्रेममध्ये येताय.”

हे माझ्या आईला सांगितलं. आमच्याच किनाऱ्यावर, आईचीच माशांची पाटी डोक्यावर घेऊन. सांगणारी तन्वी. माझ्याच कॉलेजातली, मागच्या रिसॉर्टवाल्यांची मुलगी. तिला व्हिडिओ करायचा होता. आईने पाटी दिली, वर चुंबळही दिली आणि ओल्या वाळूत मागे सरकली. “अजून थोडं,” तन्वी म्हणाली. आई अजून सरकली. हसत.

त्या पाटीवर आमचं घर चाललं. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की पेज आणि सुकी मासळी. कुडाळच्या बाजाराला जाताना एसटीत आईच्या शेजारची सीट रिकामी राहायची. लोक उभे राहायचे, पण बसायचे नाहीत. मी त्या पाटीवर बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली. तीच पाटी तन्वीच्या डोक्यावर गेली आणि कोणी नाकाला रुमाल लावला नाही.

मग तिला रापण हवी होती. आमच्याकडे होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. जो ओढतो त्याला वाटा. जाळं जवळ आलं की थांबायचं नाही. दोर ढिला पडला की जाळ्याची खालची कड वाळूवरून उचलते आणि मासळी निसटते. हे आमच्यात कोणाला शिकवावं लागत नाही.

तन्वीने दोराला हात लावला, फोनकडे बघून हसली आणि म्हणाली, “थांबा, पुन्हा एकदा. सगळ्यांनी हसायचं.”

आणि सगळे थांबले. आयुष्य समुद्रात घालवलेली माणसं. प्रत्येकाला दिसायचं होतं. बाबांनी टोपी सरळ केली. मीही केस सारखे केले. समोर पाणी चमचमलं, मग शांत झालं. बांगडा गेला होता.

व्हिडिओखाली तिने लिहिलं, ‘आज मी रापण ओढली.’ बघायला लोक तुटून पडले. त्या व्हिडिओत मी होते. मनगटापर्यंत. दोरावरचा एक काळा हात.

मी जळले. आडून कशाला सांगू? तिचा रंग, तिचा फोन, कॅमेऱ्यासमोर तिचं ते न अडखळणं, सगळ्यावर जळले. मीही पूर्वी आईचा व्हिडिओ टाकला होता, मासळी कापतानाचा. माझ्या मावसभावाशिवाय कोणी बघितला नाही. आईची पाटी सगळ्यांना हवी होती. आई कोणाला नको होती.

तरी तन्वीच्या व्हिडिओत एका कोपऱ्यात ती आलीच होती. त्यावर कोणीतरी लिहिलं, ‘मागच्या मावशीला काढा, वास इथपर्यंत येतोय.’ तन्वीने खाली हसरा चेहरा टाकला.

“काय लिवलंय गो?” आईने विचारलं. मी वाचून दाखवलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून ती समजली.

दुसऱ्या दिवशी बाजाराला निघताना तिने माझ्या बाटलीतलं सेंट पदराला मारलं. मासे विकायला निघालेल्या बाईने. तिथे माझं डोकं फिरलं.

काही दिवसांनी तन्वी ड्रोन घेऊन परत आली. दोर आमच्या हातात, जाळं जवळ. “थांबवा,” ती म्हणाली. हात ढिले पडायला लागले.

मी ओरडले, “दोर सोडू नकात. ओढा.”

“तुमचीच पब्लिसिटी करतेय ना मी,” तन्वी म्हणाली. “जळतेस तू माझ्यावर.”

कॉलेजात मी तिच्याशी कायम पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी नाही.

“होय, जळतंय. तां माझा मी बघीन. पण दोर ढिलो पडूचो नाय.”

मग आमचा म्हातारा तांडेल, होडीचा म्होरक्या, माझ्याकडे बोट दाखवत पुढून म्हणाला, “चेडू बरोबर बोलता. ओढा रे.”

ओढलं. मासळी बेताचीच आली. पण आली.

संध्याकाळी रापणकर बसले. मी उभी राहून फोनबंदीचा नियम मांडला. आमची पोरंच उसळली. एकजण म्हणाला, “तुका कोण बघणा नाय, म्हणान आमका अडवतंस.” ते खरंच होतं. मी खाली बसले नाही. बाबांनी पहिला हात वर केला.

आता आमच्या रापणीवर दोर हातात असेपर्यंत फोन निघत नाही. रिसॉर्टवाल्यांचा नाही, आमच्या पोरांचा नाही, माझाही नाही. तन्वीला आजही दुनिया बघते आणि मी आजही जळते. तो नियम मात्र मी कोणाला मोडू देणार नाही.