माठाजवळ ठेवलेला कॅमेरा

मंडळी, दुष्काळातही लेन्सला बुरशी येते, हे मला आज कळलं.

गावच्या सहकारी सोसायटीच्या चारा छावणीत शेजारच्या सखूवहिनीला गाय विकण्याआधी आठवण म्हणून गाईचा फोटो हवा होता. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. मी काढलेला फोटो कॅमेऱ्यात पाहून वहिनी म्हणाली, "भाऊजी, माझी गाय धुक्यात का उभी हाय?"

घाबरून धारूरला दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यानं विचारलं, "बाबा, कॅमेरा कुठं ठेवता?"

"तापू नये म्हणून माठाजवळ, ओल्या फडक्यात."

"अहो, तो काय पाणी पितो?" हसत त्यानं लेन्स उघडून बुरशी पुसली.

गिऱ्हाइकाच्या आधी छावणीत पोचलो आणि पुन्हा फोटो काढला. फोटोत गाईच्या पापण्यासुद्धा दिसल्या. वहिनी बराच वेळ बघत राहिली.

आता कॅमेरा घट्ट डब्यात, ओल शोषणाऱ्या पुडीसोबत ठेवलाय. पण काळजीनं तीनदा उघडून पाहिला. त्यानं ओल आत जाईल का हो?