तुळशीदासचं ‘हो’

पोशेऱ्याच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या चंद्रकलाला कुणी काही सांगू लागलं, की ती दर वाक्याला ‘हो’ म्हणायची. पटलं म्हणून नव्हे. ऐकतेय एवढं समोरच्याला कळावं म्हणून. तिकडची रीतच तशी. मोठं माणूस बोलत असताना गप्प राहणं म्हणजे उर्मटपणा. तिचा मुलगा तुळशीदास लहानपणी नुसताच मान खाली घालून उभा राहायचा, तेव्हा तिनेच त्याला दटावून ‘हो’ म्हणायला शिकवलं होतं.

पुढे तो जव्हार-मोखाडा जीप चालवू लागला. एका दुपारी वळणावर त्याची भरधाव जीप मोटारसायकलवर गेली आणि दाभोशाचा एक माणूस पायाने कायमचा अधू झाला. पंचनाम्याच्या वेळी मागच्या सीटखाली एक गोणी सापडली. तीत सहा किलो गांजा. गोणी एका पॅसेंजरची, असं तुळशीदासचं म्हणणं. पण तो पॅसेंजर पुन्हा कुणाला दिसला नाही. खटल्याच्या शेवटी न्यायाधीशांनी साक्षीपुराव्यातला एकेक मुद्दा त्याला वाचून दाखवला. गोणी तुझ्या जीपमध्ये होती, तीत काय आहे हे तुला माहीत होतं, यावर तुझं म्हणणं काय? तुळशीदास प्रत्येकाला ‘हो’ म्हणत गेला. गांजासाठी तीन वर्षांची शिक्षा झाली आणि ती संपल्यावर अपघाताचे सहा महिने.

अपिलासाठी सरकारकडून वकील मिळाल्या, रंजनाताई. त्यांनी चंद्रकलाला जव्हारला बोलावून अपील म्हणजे काय ते बराच वेळ समजावलं. ती ‘हो, हो’ करत राहिली.

“समजलं ना मावशी?”

“हो.”

“काय समजलं?”

चंद्रकलाने पदर तोंडाला लावला. “काय नाय समजला.”

रंजनाताई हसल्या आणि हसता हसता थांबल्या. त्यांनी खटल्याचे कागद पुन्हा उघडले आणि तुळशीदासच्या प्रत्येक ‘हो’खाली पेन्सिलने रेघ ओढली. या पोराने कबुली दिलीच नव्हती, नुसतं ऐकलं होतं. अपिलाचा पहिला मुद्दा तिथेच मिळाला.

त्या दिवसापासून चंद्रकलाचा चेहराच बदलला. पोर निर्दोष आहे हे तिला ठाऊकच होतं. आता ते सांगायला शब्द मिळाले होते. ते त्याच्या कानावर घालायला ती एसटीने ठाण्याला तुरुंगात गेली. काचेपलीकडे तुळशीदास फोन कानाला लावून बसला होता. अंगाने निम्मा झाला होता. ती सांगत गेली, तो ‘हो’ म्हणत गेला. मग तिने, उगीच आपलं त्याच्या तोंडून ऐकावं म्हणून, विचारलं, “गोणीत काय होता, तुला ठावं नव्हता ना रं?”

फोनमध्ये नुसता श्वास ऐकू आला.

तिने पुन्हा विचारलं नाही. भेटीची वेळ संपेपर्यंत दोघं काचेला हात लावून बसली.

परतल्यावर रंजनाताईंनी विचारलं, पोरगा काय म्हणाला? चंद्रकला म्हणाली, “काय नाय बोलला.” त्यात खोटं काहीच नव्हतं.

दीड वर्षाने मुंबईच्या कोर्टाचा निकाल लागला. शाळेच्या चुलीवर भात रटरटत असताना रंजनाताईंचा फोन आला. ‘हो’चा मुद्दा कोर्टाने ऐकून घेतला, त्या म्हणाल्या, पण बाकीचा पुरावा भारी पडला. गांजाची तीन वर्षं कायम. अपघाताचे सहा महिने मात्र वेगळे नाहीत, त्याच तीन वर्षांत धरायचे. चंद्रकला ‘हो’ म्हणत होती. रंजनाताईंना जुनी गोष्ट आठवली असावी, त्यांनी हळूच विचारलं, “मावशी, काय समजलं?”

“सहा महिने सुटले,” चंद्रकला म्हणाली. “तीन वर्सं त्याचीच हायेत.”

“हो,” पलीकडून रंजनाताई म्हणाल्या.

चंद्रकलाने फोन ठेवला आणि भाताखालची दोन लाकडं मागे ओढली.