बिनरंगाची तुकडी

आमच्या घरात अभ्यासाला जागा नाही, म्हणून बोळिंजच्या आमच्याच इमारतीतले एक दादा मला त्यांच्या टेबलाचा कोपरा देतात. उरलेल्या टेबलावर त्यांची फौज असते. अंतराळातल्या लढाईचा एक खेळ असतो, त्यातले बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक. दादा ते स्वतः जोडतात, बारीक ब्रशने रंगवतात. रंगवताना श्वास रोखून धरतात आणि एक सैनिक झाला की हळूच "हं" म्हणतात. बिनरंगाचा सैनिक खेळात उतरवायचा नाही, हा त्यांचा नियम.

त्यांच्याशी हा खेळ खेळणारा मित्र एकच. तो कायमचा कॅनडाला निघाला, तेव्हा आदल्या दिवशी शेवटचा डाव खेळायला आला. दादांची एक तुकडी रंगवायची राहिली होती.

"अरे, तशीच मांड ना यार. उद्या फ्लाइट आहे माझी."

"नागडे पाठवू लढायला?" दादा मान वर न करता म्हणाले.

मित्र चिडून बसून राहिला. मग त्यानेही एक ब्रश उचलला.

"बूट मी करतो. काळेच ना?"

रंगवता रंगवता संध्याकाळ झाली. डाव झालाच नाही.

रंग रेषेबाहेर गेलेला दादांना खपत नाही, ते खरवडून पुन्हा रंगवतात. त्या तुकडीच्या बुटांचा काळा रंग पार गुडघ्यांपर्यंत गेला आहे. त्याला त्यांनी अजून हात लावलेला नाही.